संगणकाच्या पोटातला संगणक

बोईसरच्या एका शाळेत शिक्षकांसाठी भरवलेल्या कार्यशाळेत आम्ही संगणकाच्या रचनेविषयी बोलत होतो. बोलण्याच्या ओघात आम्ही म्हणालो, "नवा प्रोसेसर तयार करण्याआधी तो जुन्या संगणकावर चालवून बघतात." मागच्या बाकावरच्या एका शिक्षिकेने लगेच हात वर केला. "सर, जो अजून बनलाच नाही, तो चालवणार कसा?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे थोडक्यात उत्तर आम्ही तेव्हा दिले, पण ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. या लेखात ते जरा सविस्तर देण्याचा प्रयत्न आहे.

बोईसर-तारापूरच्या परिसरात राहणाऱ्यांना सिम्युलेटर हा शब्द तसा परका नसावा. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देऊ लागले. अशा केंद्राच्या नियंत्रण कक्षात बसणाऱ्या चालकाला कितीतरी अडचणींच्या प्रसंगांची तयारी करावी लागते. पंप बंद पडला तर काय, झडप उघडलीच नाही तर काय? हे प्रसंग खऱ्या अणुभट्टीवर घडवून आणता येत नाहीत. म्हणून अणुवीज केंद्रांचे चालक सिम्युलेटरवर प्रशिक्षण घेतात. तेथे समोरच्या पट्टीवर बटणे आणि काटे असतात, पण त्यांच्यामागे अणुभट्टी नसते. तिच्या जागी अणुभट्टीचे गणित सोडवत बसलेला संगणक असतो. चालकाने बटण दाबले की तो संगणक हिशेब करतो आणि खऱ्या भट्टीत काटा जेथे गेला असता तेथे तो नेऊन ठेवतो. थोडक्यात, सिम्युलेटर म्हणजे चूक करण्याची मुभा असलेली जागा.

आता अणुभट्टीच्या जागी एक प्रोसेसर आहे अशी कल्पना करा. प्रोसेसर आज्ञा वाचतो, स्मृतीतून आकडे आणतो, बेरीज-वजाबाकी करतो आणि उत्तर परत ठेवतो. यातील प्रत्येक पायरीचे नियम ठाऊक असतील, तर त्या पायऱ्या जशाच्या तशा पार पाडणारी आज्ञावली लिहिता येते. ती आज्ञावली आपल्या टेबलावरच्या साध्या संगणकावर चालते आणि अस्तित्वात नसलेल्या प्रोसेसरसारखी वागते. नुसती वागत नाही, तर 'या कामाला घड्याळाचे इतके ठोके लागले असते' असा हिशेबही देते. यालाच संगणक-रचनेचा सिम्युलेटर म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण सिलिकॉनवर एकदा कोरलेले पुसता येत नाही. १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची एक चूक उघडकीला आली. भागाकारासाठी लागणाऱ्या एका कोष्टकातील काही नोंदी राहून गेल्या होत्या. त्यामुळे अगदी मोजक्या संख्यांच्या भागाकारात दशांश चिन्हानंतरचे काही अंक चुकत. चिप बदलून देण्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने घडवलेल्या 'अजित' या प्रोसेसरचे घेता येईल. तो २०१९ साली लोकांसमोर आला. 'स्पार्क व्ही-८' हा खुला आज्ञासंच त्यासाठी वापरला गेला आणि चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. अजितसाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांना जो साधनसंच मिळतो, त्यात या प्रोसेसरचे सी भाषेत लिहिलेले प्रारूपही आहे. म्हणजे हातात चिप नसतानाही अजितवर चालणारी आज्ञावली आपल्या संगणकावर तपासता येते.

कागदावरचा सिम्युलेटर

सिम्युलेटरचे काम समजून घेण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एक स्वतः चालवणे. त्यासाठी संगणकाची गरज नाही. फळा, खडू आणि थोडी चिकाटी पुरे.

प्रोसेसर फार वेगवान असतो आणि मुख्य स्मृती त्या मानाने फार संथ. म्हणून दोघांच्या मध्ये एक लहान, चपळ स्मृती ठेवतात. तिला कॅश म्हणतात. (रोख पैसे या अर्थाच्या कॅशशी तिचा संबंध नाही. या शब्दाचा मूळ अर्थ हाताशी दडवून ठेवलेला साठा असा आहे.) वर्गशिक्षकाचे टेबल आणि कार्यालयातले कपाट ही जोडी डोळ्यांसमोर आणली की हे लगेच कळते. लागणारे कागद टेबलावर असले तर काम झटपट होते. नसले तर उठून कपाटापर्यंत जावे लागते.

समजा, ८ विद्यार्थ्यांच्या ८ चाचण्यांचे गुण, म्हणजे एकूण ६४ आकडे, कपाटात आहेत. ते कार्डांवर लिहिलेले आहेत आणि एका कार्डावर चार आकडे मावतात. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याची दोन कार्डे झाली. पहिल्याची ० आणि १ क्रमांकाची, दुसऱ्याची २ आणि ३, असे करत आठव्याची १४ आणि १५. सम क्रमांकाच्या कार्डावर पहिल्या चार चाचण्या आहेत, विषम क्रमांकाच्या कार्डावर पुढच्या चार. टेबलावर कार्डे ठेवायला चार खण आहेत. कार्ड खणात असेल तर आकडा वाचायला १ सेकंद लागतो. नसेल तर ते कपाटातून आणून वाचायला २० सेकंद लागतात. कोणते कार्ड कोणत्या खणात ठेवायचे याचा नियम सोपा आहे. कार्डाच्या क्रमांकाला चाराने भागावे, बाकी उरेल त्या क्रमांकाच्या खणात ते ठेवावे. तेथे आधीचे कार्ड असेल तर ते परत कपाटात जाईल. याला आपण 'ठरलेल्या खणाचा नियम' म्हणू.

आता सर्व ६४ गुणांची बेरीज करायची आहे. प्रथम एकेका विद्यार्थ्याचे गुण ओळीने घेऊ. पहिले कार्ड आणले की त्यावरचे चारही आकडे एकापाठोपाठ वापरले जातात. म्हणून १६ कार्डांसाठी १६ खेपा होतात आणि उरलेले ४८ आकडे टेबलावरच मिळतात. वेळ लागला १६ × २० + ४८ × १ = ३६८ सेकंद.

तीच बेरीज आता एकेका चाचणीने करू. म्हणजे आधी सर्वांचे पहिल्या चाचणीचे गुण, मग दुसऱ्या चाचणीचे. कार्डे लागतात ०, २, ४, ६, ८, १०, १२, १४ या क्रमाने. चाराने भागल्यावर बाकी उरते ०, २, ०, २... म्हणजे सगळी कार्डे दोनच खणांसाठी भांडत राहतात. दुसऱ्या चाचणीसाठी ० क्रमांकाचे कार्ड पुन्हा हवे असते, तेव्हा ते केव्हाच कपाटात परत गेलेले असते. ६४ आकड्यांसाठी ६४ खेपा, वेळ १२८० सेकंद. आकडे तेच, बेरीज तीच, उत्तर तेच, पण वेळ जवळजवळ साडेतीन पट. हीच गोष्ट खऱ्या संगणकातही घडते. तक्ता आडवा वाचायचा की उभा, याने आज्ञावलीचा वेग बदलतो.

मांडणी बदलणे आणि भर घालणे

येथे वर्गाला एक प्रश्न विचारावा. "खेपा कमी करायला काय कराल?" बहुतेक मुले म्हणतील, "खण वाढवा." ठीक आहे, चाराचे आठ खण करू. आता आठाने भागल्यावर उरणारी बाकी बघायची. ती येते ०, २, ४, ६, ०, २, ४, ६. म्हणजे आठ कार्डे चार खणांत कोंबली जात आहेत आणि १, ३, ५, ७ हे खण पहिल्या चार चाचण्या होईपर्यंत रिकामे पडून आहेत. पुढच्या चार चाचण्यांत नेमके उलटे होते. खेपा मोजल्या तर पुन्हा ६४! टेबल दुप्पट केले आणि फायदा शून्य.

मग कोणीतरी म्हणेल, "नियमच बदला. कार्ड कुठल्याही खणात ठेवू द्या. जागा नसेल तर जे सर्वांत जास्त वेळ वापरलेले नाही ते परत पाठवा." हा झाला 'मोकळ्या खणाचा नियम'. पण चारच खण ठेवून हा नियम लावला तर काय होते? पाचवे कार्ड आले की पहिले जाते, सहावे आले की दुसरे जाते. पहिले पुन्हा लागते तेव्हा ते नसतेच. खेपा पुन्हा ६४.

आता दोन्ही बदल एकदम करू. खण आठ आणि नियम मोकळा. पहिल्या चाचणीला ८ खेपा झाल्या की पुढच्या तीन चाचण्यांना एकही खेप लागत नाही. पाचव्या चाचणीला दुसरी कार्डे लागतात म्हणून आणखी ८. एकूण खेपा १६, वेळ ३६८ सेकंद.

या चार प्रयोगांत दोन वेगळ्या प्रकारची कामे झाली. चाराचे आठ खण करणे म्हणजे असलेल्या सिम्युलेटरची मांडणी बदलणे. त्यात फक्त एक आकडा बदलला. नवा नियम आणणे म्हणजे सिम्युलेटरमध्ये भर घालणे. तेथे जुन्या यंत्रणेला ठाऊक नसलेली एक गोष्ट तिला शिकवावी लागली. दोन्ही बदल सुटेसुटे निष्फळ ठरले आणि एकत्र केल्यावर फळाला आले, हे नुसत्या तर्काने पटकन कोणी सांगितले नसते. सिम्युलेटर लागतो तो यासाठी.

जगभरच्या संशोधकांकडे

संशोधक यासाठी जे सिम्युलेटर वापरतात, त्यांत 'जेम-फाइव्ह' हे नाव आज पुष्कळ ऐकू येते. मिशिगन विद्यापीठातील 'एम-फाइव्ह' आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातील 'जेम्स' या दोन सिम्युलेटरांच्या मिलाफातून तो घडला आणि २०११ साली त्याची रीतसर ओळख प्रसिद्ध झाली. तो मुक्त स्रोत आहे. म्हणजे त्याची मूळ संहिता कोणालाही विनामूल्य घेता, वाचता आणि बदलता येते.

त्याची घडण आपल्या कागदी सिम्युलेटरसारखीच दोन थरांची आहे. मांडणी पायथन भाषेतल्या एका लहान आज्ञावलीत लिहितात. प्रोसेसर कोणत्या प्रकारचा, घड्याळाचा वेग किती, कॅश किती मोठी आणि तिचे खण कसे वाटलेले हे तेथे सांगायचे. कोणता भाग कोणाला जोडलेला आहे हेही तेथेच सांगायचे. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण विजेचे मंडल जोडतो तसेच हे काम आहे. घट, दिवा आणि कळ तयार मिळतात. आपण तारा जोडतो.

पण हवा असलेला भागच पेटीत नसेल तर? तेव्हा भर घालावी लागते. नव्या भागाचे वागणे सी-प्लस-प्लस भाषेत लिहायचे, त्याचे कोणते आकडे बाहेरून बदलता येतील हे पायथनमध्ये नोंदवायचे आणि सगळा सिम्युलेटर पुन्हा बांधून घ्यायचा. कॅशमधून कोणाला बाहेर काढायचे याचा एखादा नवा नियम सुचला, तर तो असा आत बसवता येतो. बाकीचा सिम्युलेटर तसाच राहतो.

यालाही किंमत मोजावी लागते, ती वेळाची. समजा, खरा प्रोसेसर सेकंदाला २०० कोटी आज्ञा पार पाडतो आणि सिम्युलेटर २ लाख. मग खऱ्या यंत्राच्या एका सेकंदासाठी सिम्युलेटरला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागेल.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी पालघरकडची एक विद्यार्थिनी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आमच्याकडे येत असे. रोज लोकलने येऊन संध्याकाळी परत जाई. कॅशमधून काय बाहेर काढायचे याचा एक नवा नियम तिला सुचला होता. तिने तो जेम-फाइव्हमध्ये बसवला, काही आज्ञावल्या चालवल्या आणि निकाल आमच्यासमोर ठेवला. जुन्या नियमाने लागलेला वेळ आणि नव्या नियमाने लागलेला वेळ अगदी सारखा होता.

आम्ही तो आकडा पाहिला आणि कल्पनेत दम नाही, दुसरा विषय घ्या, असे सांगून मोकळे झालो. तिने वाद घातला नाही.

चार दिवसांनी ती एक वही घेऊन आली. तिने आठ-दहा खणांचे लहानसे उदाहरण हाताने सोडवले होते, वर आपण केले तसेच. "सर, कागदावर खेपा कमी होतात. सिम्युलेटरच्या आकडेवारीतही कमी झालेल्या दिसतात. मग वेळ का कमी होत नाही?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही फक्त शेवटचा आकडा पाहिला होता, खेपांची नोंद उघडलीच नव्हती.

जेम-फाइव्ह प्रत्येक वेळी आकडेवारीच्या फायलीबरोबर आणखी एक फाइल लिहून ठेवतो. आपण सांगितलेल्या आणि न सांगितलेल्या सगळ्या पर्यायांची खरी किंमत काय होती, ते तिच्यात असते. ती फाइल आम्ही दोघांनी ओळीओळीने वाचली. त्यात प्रोसेसरच्या प्रकारापुढे 'ॲटॉमिक' असे लिहिलेले होते. (तारापूरच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. येथे या शब्दाचा अर्थ अखंड, एका दमात होणारे असा आहे.) हा प्रकार आज्ञावली भराभर पुढे नेण्यासाठी असतो. यात स्मृतीची मागणी एका फटक्यात पुरी झाली असे धरतात आणि आकड्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ, मुद्दाम सांगितल्याशिवाय, प्रोसेसरच्या हिशेबात धरत नाहीत. आम्ही दिलेल्या तयार नमुना-मांडणीत प्रोसेसरचा प्रकार सांगितला नाही तर हाच घेतला जात असे. आम्ही तो सांगितला नव्हता.

म्हणजे कपाटापर्यंतच्या खेपा मोजल्या जात होत्या, पण प्रत्येक खेपेचा वेळ शून्य धरला जात होता. अशा जगात कोणताही नियम दुसऱ्यापेक्षा सरस ठरूच शकत नाही. सिम्युलेटरने आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे बिनचूक उत्तर दिले होते. आमचा प्रश्नच चुकीचा होता.

प्रोसेसरचा प्रकार बदलून वाट पाहण्याचा वेळ हिशेबात घेतला, तेव्हा फरक दिसला. तिच्या नियमाने काही आज्ञावल्यांना फायदा झाला, काहींना तोटाही झाला. पण आता त्यावर बोलता येत होते. आम्ही तिची माफी मागितली आणि तिने तोच विषय पुढे नेला. वही घेऊन परत येण्याचा धीर तिला झाला नसता तर एक बरी कल्पना आमच्या घाईपायी टोपलीत गेली असती, हे आजही मनाला लागते.

भरवसा किती ठेवावा?

सिम्युलेटर मुक्त स्रोत होता, म्हणून 'ॲटॉमिक' या शब्दाचा नेमका अर्थ आम्हाला त्याच्या संहितेत जाऊन वाचता आला. बंद डब्यासारखा असता तर आम्ही त्याच्या आकड्यापुढे मान तुकवून बसलो असतो. पण उघडता येणे वेगळे आणि उघडून पाहणे वेगळे.

मांडणी नीट असली तरी सिम्युलेटर म्हणजे खरे यंत्र नव्हे. २०१२ साली फ्रान्समधील संशोधकांनी एका खऱ्या एआरएम प्रोसेसरवर आणि जेम-फाइव्हवर त्याच आज्ञावल्या चालवून तुलना केली. काही ठिकाणी फरक दीड टक्क्याच्या आसपास होता, तर काही ठिकाणी तो अठरा टक्क्यांच्या जवळ पोचला. आता कोणी सिम्युलेटरच्या आधारे 'आमच्या रचनेने तीन टक्के वेग वाढला' असे म्हटले, तर ते तीन टक्के रचनेचे आहेत की सिम्युलेटरच्या चुकीचे, हे विचारायलाच हवे. तापमापीवर अर्ध्या अंशाच्या खुणा असताना शंभराव्या अंशाचे वाचन लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण जो प्रश्न विचारतो, तोच हा प्रश्न आहे.

म्हणून सिम्युलेटर वापरणाऱ्याने काही सवयी लावून घ्याव्यात. ज्याचे उत्तर हाताने काढता येते असे लहान उदाहरण आधी चालवून पाहावे. आपण न सांगितलेले पर्याय कोणते घेतले गेले ते वाचावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि मग जोड्यांनी बदलून पाहावी. शेवटच्या आकड्याबरोबर तो कशापासून झाला तेही बघावे. फरक अजिबात पडला नाही, तर तेही संशयाने पाहावे.

वर्गात करून पाहण्यासाठी वरचा कार्डांचा खेळ पुरेसा आहे. एका विद्यार्थ्याला प्रोसेसर करा, एकाला कपाट सांभाळायला बसवा आणि एकाला खेपा मोजायला सांगा. अकरावी-बारावीच्या मुलांना थोडे पायथन येत असेल, तर हाच खेळ त्यांनी आज्ञावलीत लिहावा. उभ्या वाचनासाठी चारही मांडण्यांच्या खेपा ६४, ६४, ६४ आणि १६ आल्या, तरच त्या आज्ञावलीवर भरवसा ठेवून पुढे जावे. मग त्यांना विचारा, कार्डावर चाराऐवजी आठ आकडे लिहिले तर? तक्ता आठाऐवजी नऊ चाचण्यांचा केला तर? दुसऱ्या प्रश्नात ठरलेल्या खणाच्या नियमानेही उत्तर बदलते. का बदलते, ते मुलांनाच शोधू द्यावे.

बोईसरच्या बाईंचा प्रश्न होता, जो बनलाच नाही तो चालवणार कसा? तो अजून बनलेला नसला तरी त्याचे नियम आपण लिहिलेले असतात आणि संगणक ते नियम चालवतो. मात्र आपण लिहायचे विसरलो असू, तर तो ते आपल्याला न विचारता गृहीत धरतो. ते काय गृहीत धरले, हे बघणे आपल्याकडेच राहते.